पहिल्या रंगाची गाडी

१८ ऑगस्ट २०२४. कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या गोल्फ मैदानावर, समुद्राला लागून असलेल्या हिरवळीवर, दरवर्षीप्रमाणे जुन्या मोटारी रांगेने उभ्या होत्या. आरशासारखी बॉनेटे, डोळे दिपवणारे क्रोम, चामड्याच्या बैठकांवर एक सुरकुती नाही. दिवस संपता संपता सर्वोत्तम गाडीचे नाव पुकारले गेले, आणि मान मिळाला रंगाला भेगा पडलेल्या, पापुद्रे सुटलेल्या एका काळ्या बुगाटीला. टाइप ५९, सन १९३४. जन्म ग्रां प्री शर्यतीसाठी झालेला. पुढे बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांनी ती घेतली आणि काळ्या अंगावर पिवळा पट्टा आला. तोच रंग आजही तिच्या अंगावर आहे, जेवढा उरला तेवढा. कोणी तो खरवडला नाही, कोणी नवा मारला नाही. पेबल बीचच्या सत्तरहून अधिक वर्षांच्या इतिहासात जशीच्या तशी जपलेली गाडी पहिली येण्याची ही पहिलीच वेळ होती.

गाड्यांचा नाद नसलेल्याला यात विशेष काय ते कळणार नाही. पण जुन्या मोटारींच्या जगात ही मोठी उलथापालथ आहे. देखणी गाडी कशाला म्हणायचे, तिची किंमत कशात आहे, ती कोणासाठी जपायची, या सगळ्यांची उत्तरे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बदलत गेली. ती बुगाटी त्या बदलाची मोहोर होती.

पेबल बीचची स्पर्धा सुरू झाली १९५० साली. तेव्हा ती जुन्या गाड्यांची स्पर्धा नव्हतीच. पहिली काही वर्षे बक्षिसे नव्याकोऱ्या गाड्याच नेत. १९५५ मध्ये फिल हिल यांनी १९३१ सालची पिअर्स-ॲरो नीटनेटकी करून आणली आणि पहिला क्रमांक घेतला. हेच हिल पुढे १९६१ साली फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले, पण जुन्या मोटारींच्या इतिहासात त्यांचे हे आधीचे यशही तितकेच महत्त्वाचे आहे. तिथून पुढे जुनी गाडी उघडून, सुटी करून, पुन्हा पहिल्यासारखी उभी करण्याचे म्हणजे रिस्टोरेशनचे युग आले. आणि ‘पहिल्यासारखी’ हा शब्द हळूहळू मागे पडून ‘पहिल्यापेक्षा चांगली’ हा मापदंड कधी झाला ते कळलेही नाही.

रंगाचेच उदाहरण घ्या. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मोटारीला वार्निशासारखा रंग ब्रशने देत. थरावर थर, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचे, मग घासायचे. एका गाडीला आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँट कंपनीचा ड्युको आला. हा नायट्रोसेल्युलोजचा रंग, फवाऱ्याने मारता येणारा आणि झटपट वाळणारा. आपल्याकडे आजही जुने पेंटर ‘ड्युको मारणे’ म्हणतात ते यावरून. पण ड्युकोची चमक मऊ असते, आणि ती टिकवायला पुन्हा पुन्हा पॉलिश करावे लागते. आजचा पॉलियुरेथेन रंग काचेसारखा झळाळतो. तो १९२८ च्या गाडीवर मारला की गाडी सुंदर दिसते, पण १९२८ साली कोणत्याही डोळ्यांनी तशी गाडी पाहिलेली नव्हती. धातूच्या मुलाम्याचेही तसेच. क्रोमचा मुलामा मोटारींवर सर्रास दिसू लागला तो १९२० च्या दशकाच्या अगदी अखेरीस. त्याआधी निकेल होते: किंचित पिवळसर, उबदार झाकेचे, लवकर काळवंडणारे. म्हणून १९२० च्या गाडीवर निळसर क्रोम लखलखताना दिसले की जाणकार परीक्षक गुण कापतो. तो कंजूष नसतो. त्याला निकेलची आठवण असते.

चकाकीच्या या शर्यतीची किंमत गाड्यांनी मोजली. कित्येक गाड्या चालायच्याच थांबल्या. ट्रकमधून यायचे, हिरवळीवर उतरायचे, मऊ फडक्याने टायरची खाच न् खाच पुसून घ्यायची, बक्षीस घ्यायचे आणि पुन्हा ट्रकमध्ये चढायचे. शेवटी पेबल बीचच्या संयोजकांनाच हे खटकले असावे. १९९८ पासून त्यांनी प्रदर्शनाच्या आधी रस्त्यावरची फेरी सुरू केली, आणि दोन गाड्यांचे गुण बरोबरीत आले तर फेरी पुरी करणारीला झुकते माप दिले. मोटार ही चालायची वस्तू आहे हे नियम करून सांगावे लागले.

खरे तर या छंदाची सुरुवात चालण्यातूनच झाली होती. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवावा लागे, आणि वेगाची मर्यादा होती गावाबाहेर ताशी चार मैल, गावात दोन. निशाणाची सक्ती नंतर सैल झाली, पण वेगाचा जाच राहिला. १८९६ च्या नव्या कायद्याने मर्यादा ताशी चौदा मैलांवर नेली, आणि त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारवाले लंडनहून ब्रायटनला निघाले. त्या दिवसाची आठवण म्हणून १९२७ साली ही फेरी पुन्हा काढली गेली. ती आजही निघते. नोव्हेंबरच्या थंडीत, सूर्य उगवता उगवता, हाइड पार्कमधून. १ जानेवारी १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच प्रवेश. सुकाणूसारख्या दांड्याने वळणाऱ्या, वाफेवर चालणाऱ्या, पावसात उघड्या. इथे कोणी पहिला येत नाही, कारण ही शर्यतच नाही. ब्रायटनला पोचणे एवढेच साध्य. वाटेत गाडी बंद पडली की बघ्यांतला कोणीतरी बाह्या सरसावून पुढे येतो. याच मंडळींतून १९३० साली व्हेटरन कार क्लब निघाला. १९३४ साली व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब आला, १९३६ साली बेंटले ड्रायव्हर्स क्लब. ‘ड्रायव्हर्स’ हा शब्द पाहा. मालकांचा नव्हे, चालवणाऱ्यांचा क्लब.

म्हणजे चालवणारे आणि दाखवणारे असे दोन प्रवाह सुरुवातीपासून आहेत. त्यात तिसरा प्रवाह आला तो जपणाऱ्यांचा, आणि तो आला इमारतींच्या जगातून. जुने देऊळ किंवा वाडा दुरुस्त करताना मूळ दगड किती ठेवायचा, नवे काम कुठवर करायचे, याची तत्त्वे १९६४ च्या व्हेनिस सनदेत मांडली गेली होती. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने, जो १९६६ साली स्थापन झाला, २०१२ मध्ये ट्यूरिन इथे तशीच सनद मोटारींसाठी स्वीकारली. तिचा गाभा साधा आहे. आधी जतन, ते पुरले नाही तर जेवढ्यास तेवढी डागडुजी, आणि पूर्ण नव्याने करणे हा शेवटचा उपाय. जे काही कराल त्याची नोंद ठेवा, आणि शक्यतो असे करा की पुढच्याला ते काढून टाकता येईल. गाडीने आयुष्यात जे सोसले, जे बदल तिच्या रोजच्या वापरात झाले, तेही तिच्या इतिहासाचाच भाग मानायचे.

हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे तर ते अधिकच लागू पडते.

भारतात जुन्या मोटारींचा छंद म्हटला की आधी संस्थानिक आठवतात. तसे होण्याला कारणही आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या कारखान्यांना भारतातल्या राजवाड्यांइतके हौशी गिऱ्हाईक क्वचितच मिळाले. त्या हौसेची कमाल म्हणजे कोलकात्याची हंसगाडी. १९१० साली रॉबर्ट निकल मॅथ्यूसन या तिथल्या इंग्रज धनिकाने ब्रूक कंपनीकडून ती करवून घेतली. पुढचा सगळा भाग लाकडात कोरलेला मोठा हंस, त्याच्या चोचीतून पाण्याचे फवारे. रस्त्यात एवढा गोंधळ उडाला की पोलिसांनी ती बाहेर काढायला मनाई केली. नंतर ती नाभ्याच्या महाराजांकडे गेली. आज ती आहे नेदरलँड्समधल्या लाउमान संग्रहालयात.

ती तिथे कशी पोचली यात एका पिढीची कथा आहे. संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले. वाड्यांमागच्या पागांत, ज्यांचे आता मोटारखाने झाले होते, पेट्रोल पिणाऱ्या आठ सिलिंडरच्या गाड्या धूळ खात पडल्या. सुटे भाग मिळेनात, सारथी म्हातारे झाले. परदेशी खरेदीदार आले आणि कवडीमोलाने गाड्या घेऊन गेले. सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा बरेच काही निघून गेले होते.

आपल्याकडचे पहिले मोटार-मेळे या पार्श्वभूमीवर पाहायला हवेत. दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राने १९६४ साली जुन्या गाड्यांची रॅली सुरू केली, कोलकात्यात १९६८ साली. हौस होतीच, पण आपल्याकडे काय शिल्लक आहे याची ती पहिली जाहीर मोजदादही होती. दिल्लीच्या रॅलीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचा १९१४ सालचा जॉन मॉरिस बनावटीचा आगीचा बंब भाग घेत आला आहे. राजाची गाडी आणि रेल्वेचा बंब एकाच रांगेत, हे मला त्या रॅलीचे सर्वांत मोठे काम वाटते. मुंबईत मोटारवाल्यांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून होती. पुढे व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आला. प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या संग्राहकांनी शंभरावर गाड्या गोळा केल्या आणि अहमदाबादजवळ त्यांचे संग्रहालय उभे केले. २००८ साली मुंबईत कार्टिये कंपनीने स्पर्धा भरवली आणि परदेशी परीक्षकांचे निकष आपल्या अंगणात आले.

आणि कोल्हापूर. तिथे दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी छत्रपती घराण्याची मंडळी न्यू पॅलेसमधून मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात. ना परीक्षक, ना गुण, ना बक्षीस. पण ती गाडी वर्षातून एकदा तिच्या कामाला जाते, आणि सारे गाव तिला त्या कामावरून ओळखते. जतनाच्या कोणत्याही सनदेने याहून वेगळे काय मागितले असते?

आता खरा बदल. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या मेळ्यांत सर्वाधिक गर्दी कुठे असते ते पाहा. रोल्स रॉइसपुढे लोक थांबतात, फोटो काढतात, पुढे जातात. फियाटपुढे थांबले की हलत नाहीत. कोणीतरी दार उघडायला मागतो, हँडलवरून हात फिरवतो, आणि सोबतच्या नातवाला सांगू लागतो.

वालचंद हिराचंद या सोलापुरात जन्मलेल्या उद्योजकाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या गेल्या आणि मग १९५० च्या दशकात फियाट आली. तिचे इटालियन नाव ‘मिलेचेंतो’, म्हणजे अकराशे. आपण तिला ‘डुक्कर फियाट’ केले, पुढे आलेल्या नाकाडावरून. पुढची दारे उलटी उघडणारी, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, इंजिन १०८९ सीसी. पुढे चौकोनी बांध्याची डिलाइट आली, आणि १९७४ पासून तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत या गाडीने डॉक्टरांना रात्री-अपरात्री पेशंटकडे नेले, वऱ्हाडे वाहिली, आणि काळ्या-पिवळ्या रंगात साऱ्या मुंबईला ने-आण केली. गाडी नोंदवली की वर्षानुवर्षे वाट पाहायची. त्यामुळे ती आली की घरात माणूस आल्यासारखी येई, पेढे वाटून.

खंडाळ्याचा घाट ज्यांनी त्या काळात चढला त्यांना ओल्या फडक्याची गोष्ट सांगावी लागत नाही. मे महिना, सहा माणसे, टपावर सामान. अर्ध्या घाटात गाडी गुरगुरते, आचके देते आणि थांबते. वडील बॉनेट उघडतात, आई पाण्याची बाटली देते, पेट्रोल पंपावर ओले फडके टाकले जाते, आणि सगळी मुले कठड्यावर बसून दरी बघत राहतात. झालेले एवढेच असते: त्या गाडीचा पेट्रोल खेचणारा पंप इंजिनालाच जोडलेला. इंजिन तापले की पंपही तापतो आणि आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलायला केलेला, वाफ त्याला ढकलता येत नाही, ती नुसती दबते आणि फुगते. कार्ब्युरेटर कोरडा पडतो. ओल्या फडक्याने पंप निवला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. याला ‘वेपर लॉक’ म्हणतात हे पुष्कळांना नंतर कळले. फडके सगळ्यांना आधीपासून माहीत होते.

मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी म्हणून शेवटची नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी, ताडदेवच्या आरटीओत. टॅक्सीच्या आयुष्याची मर्यादा वीस वर्षे, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत हळहळ व्यक्त झाली. पण त्याच सुमारास एक उलटी गोष्टही घडत होती, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राहिलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरेल. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येईल. नव्याने नोंदवली तर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येईल. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरण ५,००० रुपये. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येईल. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

वर्षांचे गणित करून बघा. क्लबांच्या जुन्या व्याख्येत ‘व्हिंटेज’ म्हणजे दोन महायुद्धांच्या मधली, बहुधा परदेशी, बहुधा श्रीमंताची गाडी. इंग्लंडमध्ये तर ती रेघ १९३० च्या अखेरीस ओढलेली आहे, आणि ती हलत नाही. आपल्या नियमातली रेघ दरवर्षी एक पाऊल पुढे सरकते. पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये पन्नास वर्षांच्या झाल्या. पहिली मारुती ८०० दिल्या गेल्याला, म्हणजे १४ डिसेंबर १९८३ ला, २०३३ मध्ये पन्नास वर्षे होतील. मध्यमवर्गाने हप्ते भरून घेतलेली गाडी कायद्याच्या भाषेत वारसा होऊ लागली आहे. राजघराण्याच्या रोल्स रॉइसच्या शेजारी उभे राहायला तिला आता कोणाच्या परवानगीची गरज नाही.

साध्या गाड्यांची ही भरती जगभर आहे. इंग्लंडमध्ये २०१४ पासून अतिसामान्य गाड्यांचा एक उत्सव भरतो; शेजारच्या काकांकडे असायची तशी गाडी तिथे बक्षीस घेऊन जाते. यामागे भाबडी स्मृती आहे असे काही जण म्हणतात, मला ते पटत नाही. महाग गाडी महाग आहे म्हणूनच वाचते. तिला कोणीतरी छपराखाली ठेवतो. लाखांनी बनलेली साधी गाडी मात्र साधी आहे म्हणून मरते. तिच्यावर खर्च करणे परवडत नाही, ती भंगारात जाते, आणि एके दिवशी लक्षात येते की हंसगाडी आहे, पण पहिल्या रंगाची, पहिल्या सीट-कव्हरची डिलाइट कुठेच नाही. दुर्मीळ व्हायला आधी दुर्लक्ष व्हावे लागते.

मात्र नियमातले ‘मूळ स्वरूप’ हे शब्द आपल्याकडे टोचतात. सत्तरच्या दशकात पेट्रोल महागले तेव्हा डॉज, प्लिमथ, शेवरोलेच्या मालकांनी मोठी पेट्रोल इंजिने काढून डिझेलची बसवली, त्यात पर्किन्स बरीच. त्या गाड्या टॅक्सी म्हणून आणखी वीस-वीस वर्षे धावल्या. क्यूबात अमेरिकन गाड्यांचे जे झाले तेच थोड्याफार फरकाने आपल्याकडे झाले. आता अशी १९५० ची प्लिमथ मेळ्यात आणली तर तिचे डिझेल इंजिन दोष मानायचे की तिचे भारतीय आयुष्य? मूळ इंजिन शोधून बसवले तर ती डेट्रॉइटच्या कारखान्यातून निघाल्यासारखी होईल, पण मुंबईत तिने काढलेली वर्षे पुसली जातील. माझे मत स्पष्ट आहे: अशी एक तरी गाडी डिझेलसह, घरगुती जोडकामासह, तशीच ठेवायला हवी. टंचाईच्या काळात आपण यंत्रांशी कसे वागलो याचा तो एकमेव चालता पुरावा आहे.

हा पुरावा वाचवणार कोण? क्लब. इथे क्लबांचे रूप कसे बदलले ते सांगायला हवे. पूर्वी क्लब म्हणजे सभासदत्व, ब्लेझर, वार्षिक रॅली, चहापान. आज तो बराचसा व्हॉट्सॲपवर आहे. एका मॉडेलला एक गट: फियाटवाले वेगळे, बीटलवाले वेगळे, जावा-येझदीवाले वेगळे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी एकत्र निघतात, म्हैसूरच्या आयडियल जावाच्या त्या दुहेरी सायलेन्सरच्या आवाजात. चेतक, लॅम्ब्रेटा आहेत. सभासदांत विशीतली मुले-मुली आहेत, आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही असेही आहेत. त्यांना फक्त हाताने काम करायचे असते. रविवारी सकाळी चहावर भेटायचे, बॉनेट उघडायचे, नऊ वाजता घरी. बक्षीस नाहीच.

पण अशा गटांत रात्री अकरा वाजता जे प्रश्न येतात ते वाचले की क्लब कशासाठी असतो ते कळते. फ्युएल पंपाचे डायफ्रॅम कुठे मिळेल? दरवाजाच्या रबराचा जुळता साचा कोणाकडे आहे? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा, नाना पेठेतला जुना स्पेअर पार्टवाला वर्षानुवर्षे याची उत्तरे तोंडी देत आला. दुकान मुलाने बंद केले की ती उत्तरेही गेली. म्हणून क्लब आता वीस-तीस जणांची मागणी एकत्र करून साचा करून घेतात, भाग स्कॅन करून पुन्हा बनवतात. इंग्लंडमध्ये हे फार पुढे गेले आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून एमजीबी या गाडीचे आख्खे सांगाडे मूळ साच्यांवर नव्याने दाबून काढते आहे.

इंधनानेही क्लबांना शहाणे केले. २००० साली भारतात शिशाचे पेट्रोल बंद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. मुलांच्या रक्तात शिसे जात होते. पण जुन्या इंजिनांत त्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून तिला जपत असे. ओतीव लोखंडाच्या मऊ बैठका शिशाशिवाय झिजू लागल्या. व्हॉल्व्ह खोल रुतला की टॅपेटची फट संपते आणि कॉम्प्रेशन निसटते. उपाय: हेड उतरवून कठीण पोलादाच्या नव्या बैठका ठोकून बसवणे. आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. इथेनॉल जुने रबर फुगवते, ठिसूळ करते आणि हवेतले पाणी ओढून घेते. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाशी बसून गंज धरते. म्हणून पाइप बदलायचे, डायफ्रॅम बदलायचे, आणि गाडी उभी करताना टाकी रिकामी किंवा काठोकाठ ठेवायची, अर्धी कधीच नाही. हे कुठल्याही मालक-पुस्तिकेत नाही, कारण पुस्तिका लिहिली तेव्हा असे पेट्रोलच नव्हते. इंग्लंडात गुडवूडच्या रिव्हायव्हल मेळ्यात २०२४ साली सगळ्या शर्यती शाश्वत इंधनावर झाल्या. तोही या शोधाचाच एक धागा.

काही जण जुन्या गाडीत विजेची मोटार बसवतात. ‘फिवा’ अशा गाडीला ऐतिहासिक वाहन मानत नाही. रोज वापरायची असेल तर कोणी ते करो, मला राग नाही. पण इंजिन काढलेच तर ते ग्रीस लावून, नंबरासह जपून ठेवा. पुढे कोणीतरी ते परत मागेल.

जपायला सर्वांत कठीण असतो तो सुटा भाग नव्हे. साठीचा मिस्त्री बॉनेटवर पंजा ठेवतो, डोळे मिटून इंजिन ऐकतो, डिस्ट्रिब्युटर अर्ध्या केसाने फिरवतो आणि म्हणतो, ‘आता बघ.’ तो हे कोणाच्या तरी हाताखाली पान्हे पुसत शिकला. कार्ब्युरेटरच गेले, तसे त्याच्या हाताखाली शिकायला येणारेही गेले. आज काही क्लब मुद्दाम अशा मिस्त्रींना मेळ्यात बोलावतात, खुर्ची देतात आणि गाडी उघडून समोर ठेवतात.

अशा मेळ्यात एखादी सतरा-अठरा वर्षांची मुलगी अँबॅसडरच्या नाकाशी वाकलेली दिसते, हातात लोखंडी हँडल. म्हातारा मिस्त्री आधी तिचा अंगठा सोडवतो. हँडल मुठीत धरतो तसे धरायचे नाही. अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून निसटून गेले पाहिजे, मनगट घेऊन नव्हे. खाली ढकलायचे नाही, वर ओढायचे. चोक अर्धा. मग तो दोन पावले मागे सरकतो. ती ओढते. इंजिन एकदा खोकते, दुसऱ्यांदा खोकते आणि तिसऱ्या ओढीला धरते.